दीड पॉइंट

यासीनभाईंनी फोनवर एवढंच सांगितलं,
"रेघ दीड पॉइंट ठेवा. सगळी.
बारीक केली तर जाळी खाऊन टाकती,
मग छापल्यावर माणसाला नाक राहत नाही."
मी मान डोलावली. फोनवर.

पत्रक पुराचं. पाणी वाढलं तर काय करायचं:
अकरा चित्रं, एकच रंग, कागद पिवळट.
म्हशीचं दावं आधी सोडा.
गॅस बंद करा.
कागदपत्रं पिशवीत, पिशवी गळ्यात.
खाली वॉर्ड ऑफिसचा नंबर,
लागला तर लागला.

मला आवटी सरांनी बोरूवर शिकवलं होतं.
गावभागातल्या त्यांच्या पुढच्या खोलीत
बोरूची जीभ तिरकी कापायची आणि मग
'क'च्या पोटात दाब, शेपटीला सोड.
"रेघ दम घेती रे," म्हणायचे,
"उतरताना भरती, वळताना सुटती.
तू घेतोस का दम? मग तिला का मारतोस?"
तेव्हापासून सारख्या जाडीची रेघ म्हणजे माझ्या लेखी
तलाठ्याची रेघ. हद्दीची. पट्टी लावून ओढलेली,
जिला हात नसतो.

म्हणून पहिल्या खेपेला मी चोरी केली.
बाईची पाठ थोडी भरीव घेतली,
पदराला अर्धा पॉइंट,
होडी जवळ म्हणून जाड,
पलीकडच्या गच्चीवरचं पोर लांब म्हणून बारीक.

प्रूफ आलं. होडी झकास.
गच्चीवर पोर नव्हतं.
गच्ची होती, सिंटेक्सची टाकी होती,
आणि एक ठिपका, जो हात असू शकला असता.

यासीनभाईंनी कागद ट्यूबलाइटकडे धरला,
चष्मा कपाळावर सरकवला.
"होडी कुणाला आणायला निघालीय?"

रात्री बसलो.
पोर नुसतं मोठं करून भागेना,
मोठं केलं की त्याची रेघही फुगते,
सुजल्यासारखी.
पुसून नव्यानं काढलं.
पोराला दीड. होडीला दीड. म्हशीला दीड,
दाव्यालाही दीड, सोडलं तरी.
दाब द्यायचा नाही म्हटल्यावर
जवळ-लांब सगळं मोकळ्या जागेतूनच सांगायचं,
आणि मोकळी जागा काही लवकर ऐकत नाही.
दोन रेघा भेटतात तिथं शाई साठते,
काखेत, कोपरात, दाराच्या सांध्यात.
तिथं केसाएवढी फट ठेवली.
लांबून सांधा मिटलेलाच दिसतो.

मध्येच सर आठवले.
पाणी ओसरल्यावर त्यांच्या खोलीत गेलो होतो.
वळणांचे तक्ते लगदा झाले होते,
आणि भिंतीवर गाळाची एक रेघ,
दारापासून कपाटापर्यंत, कपाटावरून पुढं,
खिडकी ओलांडून शेजारच्यांच्या भिंतीवर,
तेवढीच. कुठं भरली नाही, कुठं सुटली नाही.
सर तिच्याकडे बघत राहिले,
परीक्षेचा पेपर तपासावा तसे.
"ही दम घेत नाही," म्हणाले.
मग खराटा मागितला.

नववं चित्र पहाटेपर्यंत अडलं.
छातीभर पाण्यात माणूस, डोक्यावर बोचकं.
पाण्याला दीड, माणसाला दीड.
कोण कुणाला कापतंय कळेना.
माणूस जाड करावा, असं हाताला फार वाटलं.
केला नाही.
शेवटी पाण्याची रेघच तोडली,
त्याच्या दोन्ही बाजूंना, मिलिमीटरभर अलीकडे.
माणूस सलग राहिला.
पाणी थांबल्यासारखं दिसलं,
जे खरं नाही, पण पत्रकाला चालतं.

चार हजार प्रती. गठ्ठे अजून ओलसर,
रॉकेलचा वास.
मी वरचा कागद उचलला,
थेट गच्चीपाशी गेलो.
हात वर केलेलं पोर.
यासीनभाईंनी खिशातून भिंग काढलं,
खाली वाकून बराच वेळ बघितलं.
"नाक हाय," म्हणाले,
आणि जाळी धुवायला घेतली.
मागं कुणाची तरी लग्नपत्रिका थांबली होती,
बारीक वेलबुट्टीची.